तळीरामाची वकिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या तळीरामाची वकिली करणारा लेख वाचला. भाषा छान आहे, हे आधीच सांगतो. पण तळीराम म्हणे बिचारा पोटार्थी कारकून आणि त्याचा वकील मालक सुधाकर दारूत बुडाला तो स्वतःच्या ताठ्याने! सुधाकराचा ताठा गडकऱ्यांनी कुठे लपवलाय? वकिलीची सनद गेलेला माणूस खचून बसलाय, हे बघूनच तळीराम प्याला पुढे करतो. आणि ‘प्रेक्षक हसतात म्हणजे त्यांचा तळीरामावर जीव आहे’ हे वाचून तर माझा चहा गार झाला.

मी स्वतः तळीराम केला आहे. १९८१ चा गणेशोत्सव, शिवाजी पेठेतलं आमचं मंडळ. नाटकातल्या पिणाऱ्यांच्या टोळक्याच्या, म्हणजे आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशाला शिट्ट्यांवर शिट्ट्या. प्याल्यात कोरा चहा. नाटक बसवणारे गुरुजी तालमीत एवढंच सांगायचे, ‘देताना हात थरथरू देऊ नको. थरथरतो तो घेणाऱ्याचा.’ तेवढं मला झकास जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. नेहमीच्या मावशींनी धार काढली, पेला फेसासकट भरला, पण हातात काही देईनात. म्हणाल्या, ‘काल लई झ्याक केलासा. आमच्या मालकास्नी बी पयला असाच हसत दिलता एकानं. माणूस लई दिलदार. बाराव्याला जेवाय बी आलता.’ मग पेला कट्ट्यावर ठेवला आणि दुसऱ्या म्हशीकडे वळल्या. मी तो उचलून प्यालो. पैसे मात्र मोजून घेतले.

तळीरामही शेवटी दारूनेच मरतो, याचं तुमच्या लेखकाला वाईट वाटतं. मलाही वाटतं, मरायचा अभिनय मीच केलाय. पण मग गीतेला दोन ओळी तरी द्यायच्या होत्या. नवऱ्याला चार कॉलम आणि बायकोचं नावसुद्धा नाही?

जाता जाता : ‘एकच प्याला’तली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. तुम्ही ती गडकऱ्यांच्या नावावर छापलीत. गडकरी नाटक रंगभूमीवर यायच्या आधीच, जानेवारी १९१९ मध्ये गेले. त्यांना काही कमी पडत नाही. गुर्जरांचं तेवढं परत करा. याच चुकीबद्दल मागेही एक पोस्टकार्ड टाकलं होतं. ते अजून वाटेतच असावं.

आपला,
एक जुना तळीराम (फक्त रंगमंचावरचा),
शिवाजी पेठ, कोल्हापूर