पोत्यावर २४ टक्के प्रोटीन, दुधाचा एसएनएफ ८.१ : गोळीपेंडीबाबत कंपनीला तक्रार पत्र

दिनांक : १८ ऑगस्ट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
पशुखाद्य उत्पादक कंपनी

विषय : ‘बायपास लायसिन-मेथिओनिनयुक्त’ गोळीपेंडीमुळे झालेले नुकसान व भरपाईची मागणी

महोदय,

मी संगमनेर तालुक्यातली दूध उत्पादक आहे. गोठ्यात दुधात असलेल्या दहा होल्स्टीन संकरित गायी आहेत. धारा, चारा, वैरण सगळं मी आणि माझे पती मिळून करतो, गडी नाही. घर याच दुधावर चालतं.

जूनच्या सुरुवातीला आपले प्रतिनिधी गोठ्यावर आले होते. आमचा एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग, टक्क्यांत) ८.४ वर अडकला होता आणि आमच्या संकलन केंद्रावर ८.५ च्या खाली प्रत्येक पॉइंटला (०.१ ला) लिटरमागे एक रुपया कापतात. त्यांनी आपलं पत्रक दाखवलं : प्रोटीन २४ टक्के, लायसिन-मेथिओनिन (प्रोटीन ज्यांपासून बनतं त्यातली दोन अमिनो आम्लं) ३:१, ‘२१ दिवसांत एसएनएफ ८.७’. पोतं नेहमीच्या गोळीपेंडीपेक्षा २५० रुपयांनी महाग, १,८५० रुपयांना. तरीही आम्ही ४४ पोती घेतली, कारण पत्रकात लिहिलेलं शास्त्र मला पटलं होतं. ते शास्त्र आजही मला पटतं, आणि म्हणूनच ही तक्रार करते आहे.

आठ गायींना १० जूनपासून आपली गोळीपेंड दिली, रोज सहा किलो. दोन गायी मुद्दाम जुन्याच खुराकावर ठेवल्या. मुरघास, घास, कडबा कुट्टी आणि पाणी सगळ्यांना सारखंच होतं. २३ जुलैपर्यंत, म्हणजे ४४ दिवस, हे चाललं. केंद्रावरचा एसएनएफ ८.४ वरून ८.१ ते ८.२ पर्यंत उतरला. पावसाळ्यात ओल्या चाऱ्यामुळे एसएनएफ पडतो, असं आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले. पण तोच चारा खाणाऱ्या त्या दोन गायींचं दूध वेगळं तपासलं, तर ते ८.४ च होतं. मग दोन्ही नमुने प्रयोगशाळेत दिले. दोघींच्या दुधात प्रोटीन ३.२ टक्के, आठ जणींच्या दुधात २.९. दुधातली साखर फारशी हलत नाही, त्यामुळे एसएनएफ पडला की पहिला संशय प्रोटीनवरच जातो. इथे अहवालातही तेच दिसलं.

त्याच प्रयोगशाळेत आपल्या पोत्यातला नमुनाही तपासून घेतला. कच्चं प्रोटीन २४.१ टक्के आलं, म्हणजे पोत्यावरचा आकडा खरा. पण युरिया १.८ टक्के निघाला. भारतीय मानक आय.एस. २०५२ मध्ये गायीच्या मिश्र खाद्यात युरियाची मर्यादा १ टक्का आहे. कच्चं प्रोटीन नत्राला ६.२५ ने गुणून काढतात आणि युरियात ४६ टक्के नत्र असतं. हिशेब केला तर १.८ किलो युरिया कागदावर ५.२ किलो प्रोटीन दाखवतो. म्हणजे शंभर किलोत खरं प्रोटीन १८.९ किलोच. माझ्या जुन्या खुराकात याहून जास्त होतं.

युरिया विषच आहे, असं मी म्हणत नाही. कोटीपोटातले, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू त्याच्यापासून स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि तेच पुढे गायीला मिळतं. पण त्यासाठी जिवाणूंना त्याच वेळी पिष्टमय खाद्य लागतं. ते कमी पडलं की उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृताला त्याचा पुन्हा युरिया करावा लागतो आणि त्यात गायीचीच ताकद खर्च होते. माझ्या दोन गायी या काळात उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. तो दोष मी खात्रीने खाद्याला देऊ शकत नाही, म्हणून भरपाईत धरलेला नाही.

माझा मुख्य आक्षेप लायसिन आणि मेथिओनिनबद्दल आहे. दसऱ्याला तोरण ओवताना झेंडू संपले की आंब्याच्या पानांचा ढीग असून उपयोग नसतो, तोरण तिथेच थांबतं. कासेत केसिन तयार होताना तसंच होतं. दुधातल्या प्रोटीनचा सुमारे ८० टक्के भाग केसिनचा आणि त्यासाठी बहुतेक वेळा आधी कमी पडतात ती हीच दोन अमिनो आम्लं. मका आणि सरकी पेंडीत लायसिन कमी, सोयाबीन पेंडीत मेथिओनिन कमी. पण ही दोन्ही तशीच खाद्यात टाकली, तर कोटीपोटातले जिवाणू त्यातली बरीचशी फस्त करतात. म्हणून त्यांना आवरण लागतं (‘बायपास’ म्हणतात ते हेच), आणि ते आवरण पुढे आतड्यात सुटावंही लागतं.

आपले प्रतिनिधी म्हणाले, आवरण असलेले कण मिश्रणात टाकून मग गोळी पाडतात. गोळी पाडताना वाफ, उष्णता आणि दाब असतो. त्यात आवरण फुटलं, तर ग्राहक पैसे कशाचे देतो? ‘३:१’ चंही तेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली दिलेल्या शिफारशींतून येणारं हे प्रमाण, म्हणजे लायसिन सुमारे ७.२ आणि मेथिओनिन २.४ टक्के, आतड्यात पोहोचून पचणाऱ्या प्रोटीनमधलं आहे. पोत्यातल्या पेंडीचं ते प्रमाण नव्हे. आपल्या पत्रकात हा फरक कुठेच नाही.

आणखी एक. आपली पेंड नेहमीपेक्षा काळपट होती आणि तिला करपट वास होता. घरी खवा आटवताना दूध तांबूस होतं, तेव्हा दुधातलं लायसिन साखरेत अडकतं. पेंड जास्त तापली तरी हेच घडतं. प्रयोगशाळेत प्रोटीन दिसतं, पण ते लायसिन गायीच्या कामी येत नाही. माझ्या पोत्यांत नेमकं हेच झालं, असा पुरावा माझ्याकडे नाही. पण आपल्याकडे प्रत्येक लॉटचा नमुना ठेवलेला असेल, तर तो तपासून सांगणं आपलं काम आहे.

२४ जुलैला मी आठही गायी जुन्या खुराकावर परत आणल्या : मका भरडा, सोयाबीन पेंड, सरकी पेंड, गव्हाचा भुसा. बाराव्या दिवशी केंद्रावरचा आकडा पुन्हा ८.४ झाला.

नुकसान असं. वापरलेल्या ४२ पोत्यांचे जास्तीचे १०,५०० रुपये. एसएनएफ कपातीचे ९,२०० रुपये, यात ८.४ ला आधीपासून होणारी कपात धरलेली नाही. शिवण न उसवलेली दोन पोती परत घेऊन त्यांचे ३,७०० रुपये. एकूण २३,४०० रुपये मला परत मिळावेत.

याशिवाय लेखी उत्तर हवं आहे. या लॉटमध्ये युरिया किती टाकला? आवरणयुक्त लायसिन आणि मेथिओनिन किलोमागे किती ग्रॅम होतं? ते गोळी पाडण्याआधी टाकलं की नंतर? गोळी झाल्यावर आवरण किती टिकतं, हे आपण तपासलं आहे का, आणि तपासलं असेल तर निकाल काय? यापुढे हे आकडे पोत्यावर छापावेत, आणि ते छापेपर्यंत ‘२१ दिवसांत ८.७’ हे पत्रक आमच्या भागात वाटू नये. आमच्याच गल्लीत आणखी तीन घरांनी ते वाचून आपली पेंड घेतली आहे.

३० दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेला माल त्या कायद्यात व्यापारी खरेदी धरला जात नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

सोबत खरेदीच्या पावत्या, संकलन केंद्राच्या १ जून ते ५ ऑगस्टच्या पावत्या, दूध आणि खाद्याचे प्रयोगशाळा अहवाल, आणि पोत्यावरच्या लॉट क्रमांकाचा फोटो जोडला आहे. दोन्ही पोती गोठ्यालगतच्या खोलीत कोरडी ठेवली आहेत. आपला माणूस आला, तर दोघांच्या समोर शिवण उसवून नमुना काढू.

आपली ग्राहक,
एक दूध उत्पादक,
ता. संगमनेर