चिपचा आराखडा कोण काढणार?

रविवारच्या पुरवणीतील सेमीकंडक्टर कारखान्यांवरील लेख वाचला. गुंतवणूक, जमीन, रोजगार सगळे आले. चिपचा आराखडा कोण काढणार, हे मात्र राहून गेले.

कारखाना दुसऱ्याचे डिझाइनही चिपवर उतरवून देतो. डिझाइनची मुळे मात्र बरेचदा विद्यापीठात असतात. स्टॅनफर्डमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या जॉन हेनेसी यांनी १९८१मध्ये विद्यार्थ्यांना हाताशी धरून 'मिप्स' या प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाचा मेंदू असणाऱ्या चिपचे, काम सुरू केले. प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना मोजक्या आणि साध्या ठेवल्या की प्रोसेसर वेगाने चालतो, एवढीच कल्पना. मध्येच रजा घेऊन त्यांनी कंपनी काढली, पुन्हा शिकवायला परतले. याच कल्पनेवर बर्कलीत काम करणाऱ्या डेव्हिड पॅटरसन यांच्यासह त्यांना ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला तो २०१७चा, म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी! आपल्याकडेही आयआयटी मद्रासमधील प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने 'शक्ती' प्रोसेसर घडवला. त्याची एक चिप २०१८मध्ये देशातच तयार झाली.

नागपुरात मी ज्या महाविद्यालयात शिकवले, तिथे एफपीजीए बोर्ड, म्हणजे चिपचे डिझाइन कारखान्याविना करून पाहण्याचे साधन, कुलूपबंद कपाटात असे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी धूळ झटकून बाहेर निघे, तेही मोडले तर भरपाई कोणी द्यायची या धास्तीने. प्राध्यापक बिचारे मूल्यांकनाच्या फायलींत बुडालेले. नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात चिपचा कारखाना येईल तेव्हा येईल. तोवर हार्डवेअरवर संशोधन करू पाहणाऱ्या इथल्या प्राध्यापकांना थोडा मोकळा वेळ आणि एक चिप प्रत्यक्ष घडवून पाहण्याइतका निधी तरी द्यावा.

– एक निवृत्त अधिव्याख्याता, धरमपेठ, नागपूर