यादीत नाव वाड्याचं, फंड मात्र दिव्यांना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात दोन प्रकारच्या बातम्या हमखास दिसतात. एक म्हणजे पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा, आणि दुसरी म्हणजे अमुक ऐतिहासिक वास्तूच्या जतन-संवर्धनासाठी इतके कोटी मंजूर. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे हे कुणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या सहा हिस्सेदारांपैकी एक. वाडा हेरिटेजच्या यादीत आहे, ग्रेड तीन. म्हणजे मान मिळालाय, बंधनं मिळालीयेत, दुरुस्तीला पैसा मिळायची मात्र कुठं सोयच नाहीये, आणि तक्रार एवढीच आहे की जो काही सरकारी पैसा वारशाच्या नावाने निघतो तो फिरून फिरून त्याच चार-पाच वास्तूंवर जातो, तोही बऱ्याचदा दिव्यांवर आणि फरशांवर.

पुण्यात हेरिटेज म्हटलं की पहिला शनिवारवाडा. १७३० ला बांधायला घेतला, १८२८ च्या आगीत आतलं लाकडी काम जळून गेलं, आज आपण पाहुण्यांना दाखवतो ती तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्याचा हौद. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तेव्हा त्याला दिल्लीचा पैसा. विश्रामबागवाडा, नानावाडा, १८८६ ची आपली मंडई हे सगळं महापालिकेचं, त्यांच्यासाठी महापालिकेच्या बजेटमध्ये हेड आहे, हेरिटेज सेल आहे, आणि तिथं चांगली कामंही झालीयेत, नाही म्हणणार नाही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याचं पुरातत्त्व खातं आणि वर ‘महाराष्ट्र वैभव’ योजना, ज्यात संस्था किंवा कंपनी स्मारक दत्तक घेऊ शकते. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून आहे, ‘अडॉप्ट अ हेरिटेज’ २०१७ पासून. २०१५ मध्ये ‘हृदय’ नावाची योजना आली होती वारसा शहरांसाठी, १२ शहरं, ५०० कोटी, त्यात महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं, पण तो विषय वेगळा आणि आता ती योजनाही संपलीये. यातल्या कुठल्याही खिडकीवर जाऊन बघा, खाजगी वाड्याच्या मालकाने किंवा भाडेकरूने भरायचा फॉर्मच नाहीये.

आता गंमत अशी की वाडा म्हणजे नेमकं काय असतं हे शनिवारवाड्यात जाऊन कळत नाही, कारण तिथं वाडाच उरलेला नाही. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरायचं, चौकात उजेड, भोवती ओसरी, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब खाली दगडी तळखड्यावर उभे, वर कडीपाट म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत, माडीवर जायला भिंतीतला अंधारा जिना, हे सगळं आज बघायचं तर विश्रामबागवाडा आहे आणि बाकी सदाशिव, नारायण, शुक्रवार, कसब्यातले खाजगी वाडे, ज्यात अजून लोक राहतात, कुकरच्या शिट्ट्या होतात. हेरिटेज वॉकवाले इथंच माणसं घेऊन येतात. आमच्याकडेही येतात. फोटो काढतात, “ओह माय गॉड, हे सांभाळा हं” म्हणतात आणि पुढच्या गल्लीत जातात.

सांभाळायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो, कारण मंजूर झालेल्या कोटींमध्ये ही गोष्ट कुणाला दिसत नाही. आमच्या वाड्याच्या दोन उतरत्या छपरांच्या मधे पत्र्याचं पन्हाळ आहे. त्याचा एक सांधा सुटला. पाणी बाहेर न पडता भिंतीत जायला लागलं, आणि तुळईचं जे टोक भिंतीत बसवलेलं असतं ते नेमकं तिथंच. सुताराला बोलावलं, त्याने पेचकस घेऊन टोचून बघितलं, तर टोकाशी पेचकस चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला आणि हातभर अलीकडे ठणठणीत सागवान, पेचकसाचा ओरखडासुद्धा उठेना. म्हातारा सुतार म्हणाला, “साहेब, तुळई काही गेली नाही, टोकच गेलंय, तेवढं कापून नवीन लाकूड सांधू, खाली टेकू देऊ, वरचं पन्हाळ आधी नीट करा.” म्हणजे काम किती, तर पन्हाळाचा एक तुकडा, हातभर सागवान, लोखंडी पट्ट्या, बोल्ट आणि भिंतीचा थोडा भाग उकलून परत चुन्यात बांधायचा.

हे रीतसर करावं म्हणून एका कार्यालयात चौकशीला गेलो. तिथं कळलं की यादीतली वास्तू आहे म्हणून आधी वास्तूचे मोजणी ड्रॉइंग हवेत, तेही संवर्धनाचं काम जाणणाऱ्या आर्किटेक्टकडून, मग स्ट्रक्चरल रिपोर्ट, मग सगळ्या हिस्सेदारांची संमती, मग प्रस्ताव हेरिटेज कमिटीपुढे. नियम म्हणून यात चुकीचं काही नाही, उद्या कुणीही उठून महिरपी तोडून शटर बसवू नये म्हणून हे पाहिजेच. पण या कागदांचाच खर्च सुताराच्या बिलापेक्षा जास्त होतो आणि तो कुणी द्यायचा, तर मालकाने. मालकाला भाडं काय येतं हे विचारू नका, कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवता येतं, पण मूळ रक्कमच दोन आकडी असेल तर चार टक्के वाढ म्हणजे एक कटिंग चहा पण होत नाही. मग भाडेकरू म्हणतो मालकाने करावं, मालक म्हणतो राहता तुम्ही, तुम्ही करा, सहा हिस्सेदारांपैकी दोघं अमेरिकेत, एक बिल्डरशी बोलतोय, आणि तोवर पन्हाळ गळतंय. दोन-तीन पावसाळे असे गेले की तोच वाडा ‘धोकादायक’ होतो, नोटीस लागते, आणि मग ज्याला वाडा पडायलाच हवा असतो त्याचं काम फुकटात होतं. एवढं सरळ आहे हे.

वाईट याचं वाटतं की सरकारी पैसा जिथं मिळतो तिथं वेगळाच घोळ होतो. काम टेंडरने निघतं, सगळ्यात कमी रेटवाला ठेकेदार येतो, त्याला सिमेंट माहिती. आता चुन्याचं काम म्हणजे आज ऑर्डर दिली आणि उद्या ट्रक आला असं नसतं. कळीचा चुना विझवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं, आणि भिंतीला लावल्यावर तो सावकाश घट्ट होऊ द्यायचा, वरून गोणपाट ओलं ठेवायचं. इकडे फंड मंजूर होऊन हातात पडतो फेब्रुवारीत आणि मार्च एंडला तो संपवायचा असतो, नाहीतर लॅप्स. मग काय होणार? चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, वर जुना दिसावा म्हणून रंग. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, ती ओल मग वाट काढत लाकडापर्यंत जाते आणि ज्या भिंतीने दीडशे पावसाळे काढले तिचे पोपडे सुटायला लागतात. त्यात उरलेल्या पैशातून एलईडी दिवे, ग्रॅनाइटचा कट्टा, उद्घाटनाची पाटी आणि सेल्फी पॉइंट. दिव्यांना माझा विरोध नाहीये, रात्री छान दिसतं, पण छप्पर गळत असताना भिंतीवर खालून जांभळा प्रकाश मारणं याला संवर्धन म्हणायचं का.

आता कुणीतरी म्हणेलच की खाजगी मालमत्तेला पब्लिकचा पैसा का द्यायचा, यांचे वाडे उद्या कोटींना विकले जाणार. रास्त प्रश्न आहे. पण मुंबईत काय चाललंय बघा. तिथं शहर भागात सप्टेंबर १९६९ च्या आधीच्या जुन्या भाडेकरूंच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर घेतात आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ त्या खाजगी इमारतींची दुरुस्ती करतं. त्या मंडळाच्या कामाबद्दल मुंबईकर काय बोलतात ते मलाही माहितीये, पण तत्त्व म्हणून सरकारने हे मान्य केलंच आहे ना, की भाडं गोठवलं तर दुरुस्तीची जबाबदारी थोडी आपल्याकडेही येते. मग पुण्याच्या वाड्यांना ते तत्त्व का नाही? आणि इथं तर भाड्याच्या बंधनाबरोबर हेरिटेजचंही बंधन आहे, वर शनिवारवाड्याच्या भोवती राहणाऱ्यांना केंद्राच्या स्मारक कायद्यात २०१० ला झालेल्या बदलातलं १०० मीटरचं, म्हणजे नवीन बांधायचं नाही आणि दुरुस्तीलासुद्धा परवानगी आणायची. तीन-तीन बंधनं आणि भरपाई शून्य.

टीडीआर आहे की, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे बांधणाऱ्याला विकायची सोय, असं अधिकारी सांगतात. आहे कागदावर. पण टीडीआर म्हणजे रोख पैसा नव्हे, तो मिळवायला टायटल क्लिअर लागतं, सगळे वारस एका टेबलावर लागतात, आणि मग तो विकायला बाजार लागतो. मोठ्या बंगल्याच्या एकट्या मालकाला जमेल. सुटलेल्या पन्हाळासाठी टीडीआरची फाइल कोण चालवणार?

पुदुच्चेरीत यावर एक साधा मार्ग काढला होता. तिथं इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने मॅचिंग ग्रँट दिली, म्हणजे दर्शनी भागाच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च घरमालकाचा, अर्धा फंडातून, आणि वैश्याळ स्ट्रीटवरच्या जुन्या तमिळ घरांच्या ओसऱ्या आणि खांब परत उभे राहिले. युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला त्या रस्त्याला. अमेरिकेत समुद्रातल्या तेलाच्या भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातून १९७६ पासून असा फंड चालतो, इंग्लंडमध्ये १९९४ पासून लॉटरीच्या पैशातून. लॉटरी तर आपल्या राज्याचीही आहे म्हणा. पुण्यात एवढं लांब जायचीही गरज नाही, महापालिका बांधकाम परवानग्यांच्या शुल्कातून दरवर्षी जे कमावते त्यातला थोडासा भाग पेठांमधल्या वाड्यांच्या छपरासाठी वेगळा काढला तरी पुष्कळ. उपनगरात जो टॉवर उभा राहतो त्याच्या जाहिरातीत ‘पुण्याचा समृद्ध वारसा’ लिहिलेलं असतंच.

अटी मात्र घाला, आणि कडक घाला. ग्रँट घेतली की ठराविक वर्षं वाडा पाडायचा नाही, विकला तरी ती अट नवीन मालकावर चालू राहील असा नोंदणीकृत करार करा, अमेरिकेत असंच लिहून घेतात. पैसे एकदम देऊ नका, टप्प्याने द्या, पहिला टप्पा ड्रॉइंग आणि रिपोर्टला कारण माणूस तिथंच अडतो, बाकीचा काम बघून. वर्षातले काही दिवस चौक लोकांना बघायला उघडा ठेवा म्हणा, आम्ही ठेवू, चहापण पाजू. आणि काम मार्चला नाही, दिवाळी झाली की सुरू झालं पाहिजे, म्हणजे चुन्याला सुकायला उन्हाळ्यापर्यंत वेळ मिळतो. अर्ज मालकानेच करायचा ही अटही नको, भाडेकरूलाही करता यावा, कारण पुष्कळ वाड्यांत छप्पर वाचवायची इच्छा फक्त त्यालाच उरलीये.

भिडेवाड्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा जिथं सुरू केली ती जागा, दगडूशेठच्या समोर, रोज हजारो लोक पुढून जायचे. स्मारक व्हावं यावर सगळ्या पक्षांचं एकमत, फक्त मालक, भाडेकरू, महापालिका यांचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि तोवर वाड्याची कळा गेली. सुप्रीम कोर्टातून निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात ती इमारत पाडली. आता तिथं राष्ट्रीय स्मारक होणार आहे, होवो, चांगलंच आहे, मोठा निधी मिळेल. पण मूळ भिंती, मूळ जिना त्यात नसणार, आणि वेळेवर त्याच्या छपरावर जो खर्च झाला असता तो या निधीच्या तुलनेत काहीच नव्हता.

गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, शिवनेरी, लोहगड, राजगडासकट १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आपण सगळ्यांनी फटाके वाजवले, मीही स्टेटस ठेवलं. आता किल्ल्यांना पैसा येईल आणि यायलाच पाहिजे. पण ज्या पुण्यातून पुढे मराठ्यांचा कारभार चालला तिथली घरं कुठल्याच यादीतून कुठल्याच बजेटला जोडलेली नाहीत, याच्याबद्दल एकाही नगरसेवकाच्या तोंडून मी चकार शब्द ऐकलेला नाही. निवडणुकीत वाड्यांचा पुनर्विकास हा मुद्दा असतो, एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधू देणार, हा मुद्दा असतो, दुरुस्तीचं नाव कुणी काढत नाही.

म्हणून महापालिकेला तुमच्या पेपरमार्फत एवढंच विचारायचंय की येत्या बजेटमध्ये हेरिटेजच्या हेडखाली खाजगी वाड्यांच्या छप्पर-दुरुस्तीसाठी वेगळी ओळ टाकणार का, रक्कम छोटी चालेल. ती होईपर्यंत निदान दोन गोष्टी बिनपैशाच्या आहेत त्या करा: चुन्याचं काम आणि जुनं सागवान सांधणारे जे काही गवंडी-सुतार अजून हयात आणि कामावर आहेत त्यांची यादी हेरिटेज सेलने जाहीर करावी, आणि पन्हाळ, कौलं, तुळईचं टोक असल्या किरकोळ दुरुस्त्यांना कमिटीची फाइल न लावता फोटो जोडून साध्या अर्जावर परवानगी द्यावी. आमचा सुतार सत्तरीच्या पुढे आहे, त्याचा मुलगा मॉड्युलर किचन करतो.

आपला,
सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचा हिस्सेदार, पुणे ३०