मोटर बंद ठेवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, असलेल्या आपल्या शेतातल्या आखाड्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस मी जे ध्वनिमुद्रण केले, त्यातून तयार झालेली ४१ मिनिटांची रचना गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. ऐकणाऱ्यांना तीत नदी, पाखरे आणि रातकिडे ऐकू येतील. आपण त्या रात्री काय केले ते मात्र कोणालाच ऐकू येणार नाही, कारण आपण आम्हाला शांतता दिली. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आम्ही चौघे परभणी, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे राहतो. प्रत्येकाने आपापल्या भागातील निसर्गाचे आवाज टिपायचे, ते एकत्र ठेवायचे आणि एकाने टिपलेल्या आवाजावर दुसऱ्याने काम करायचे, अशी आमची पद्धत आहे. नांदेडच्या मित्राने पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याचा आवाज आणला; लातूरच्या मैत्रिणीने तो निम्म्या वेगाने वाजवला, तेव्हा तो एक सप्तक खाली उतरला आणि जमिनीखालून काही जड सरकत असल्यासारखा घुमू लागला. पैठणला नाथसागराच्या काठावर टिपलेल्या लाटांखाली संभाजीनगरच्या मित्राने तंबोऱ्याचा षड्ज धरला. माझ्याकडे रात्रीचे काम होते, आणि तेच अडले होते.

अडण्याचे कारण आपल्याला सांगावे लागले नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने मोटरीची घरघर १०० हर्ट्‌झवर आणि त्याच्या पटींत उमटते, आणि पिंगळ्याचा किंवा दूरच्या पाण्याचा आवाज न बिघडवता ती नंतर पूर्णपणे गाळता येत नाही. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि दिवसा न पोचणारी पलीकडच्या शिवारातली मोटरसुद्धा माइकपर्यंत येते. याआधीच्या तीन मुक्कामांत माझ्या हाती मुख्यतः मोटरीच लागल्या होत्या.

आपला गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत होता आणि पाण्याची पाळी त्याच रात्रीची होती. तरीही आपण, लाईट येताच मोटर आपोआप चालू करणारे, स्टार्टरचे ऑटो काढून ठेवले, आणि एवढ्यावर न थांबता शेजारच्या तिघांना फोन करून, लाईट आली तरी पहाटेपर्यंत मोटर चालू करू नका, अशी विनंती केली. लाईटसाठी रात्र-रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याने आलेली लाईट वाया जाऊ देणे म्हणजे काय, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्या तिघांचेही मी या पत्रातून आभार मानतो.

कॅनडातील संगीतकार मरे शेफर यांनी भोवतालच्या ध्वनींचा अभ्यास करताना एक गोष्ट दाखवून दिली होती: एखाद्या जागी जो आवाज सतत असतो, तो तिथल्या माणसांच्या कानाआड जातो, पण बाकीचे सारे आवाज त्याच्याच पार्श्वभूमीवर ऐकले जातात. हे मी वाचले होते. कळले ते अकराच्या सुमारास, शेवटची मोटर थांबली तेव्हा. आधी काहीच ऐकू आले नाही. मग गंगेचे पाणी ऐकू आले, मग थव्यातल्या चक्रवाकांची हाक, आणि बऱ्याच वेळाने बांधावरून रातवा बोलला, फरशीवर टाकलेली गोटी टप्पे घेत थांबावी तसा. वाऱ्यापासून बचाव म्हणून माइक तुराट्यांच्या ढिगाच्या आडोशाला ठेवण्याची सूचनाही आपलीच होती, आणि माइकवरच्या केसाळ आवरणापेक्षा तिचाच उपयोग अधिक झाला. मामींनी तीन वाजता चुलीवर केलेल्या चहाचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

तरीही आपले सर्वात मोठे साहाय्य त्या रात्रीचे नव्हे, एप्रिलमधले आहे. रचनेचा कच्चा खर्डा घेऊन मी आलो, तेव्हा आपण हेडफोन लावून तो शेवटपर्यंत ऐकलात. त्यात आम्ही टिटवीची एकच हाक सारख्या अंतराने अकरा वेळा वापरली होती, कारण ती आम्हाला फार सुंदर वाटली होती. आपण म्हणालात, “टिटवी उगंच ओरडत नसती, लेकरा. खाली काही हालल्याबगर नाही ओरडत.”

परभणीला परतल्यावर मी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा काढले. चार तासांच्या त्या फाईलमध्ये हाकेच्या नऊ सेकंद आधी डावीकडचे रातकिडे अचानक थांबतात, मग उजवीकडचे थांबतात, कोरड्या गवतात अगदी हलकी सळसळ होते, आणि तेव्हा टिटवी उठते. कोणीतरी जनावर पाण्याकडे निघाले होते. ते नऊ सेकंद रिकामे समजून आम्ही कापून टाकले होते.

त्यानंतर चौघांनी मिळून खर्डा मोडला. आता रचनेत टिटवी एकदाच ओरडते आणि तिच्या आधीचे नऊ सेकंद जसेच्या तसे आहेत. तिथे आम्ही षड्जसुद्धा काढून घेतला आहे. एका रात्रीचे आवाज त्यांच्या मूळ क्रमानेच यावेत आणि कोणत्याही जिवाची हाक पुन्हापुन्हा चिकटवू नये, हा नियम आम्ही आमच्या सर्व कामाला लावून घेतला आहे. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. गारवा वाढतो तसे रातकिडे सावकाश बोलतात, हे अमेरिकेतील एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये सूत्रात मांडले होते. क्रम न मोडल्यामुळे आमच्या रचनेची लयही त्यांच्याबरोबर पहाटेपर्यंत आपोआप मंदावत जाते, आणि ती आम्हाला ठरवावी लागत नाही.

पोळ्यानंतर आम्ही चौघेही दोन लहान स्पीकर घेऊन आखाड्यावर येऊ इच्छितो. शेजारच्या तिघांनाही बोलवावे, ही विनंती. त्या दिवशी लाईट रात्रीची असली, तर मोटर अवश्य चालू ठेवावी.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
परभणीचा ध्वनिमुद्रक,
चौघांच्या वतीने