तक्रार : अ‍ॅरे (एकत्र बांधलेल्या डिस्कचा संच) कोसळल्यावर दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबद्दल आणि आमची डिस्क परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : चार डिस्कच्या नेटवर्क स्टोरेजचा (फाइली साठवायच्या डब्याचा) व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा, क्रॅश झाल्यावर डेटा पुसला जाईल असा सल्ला दिल्याबद्दल, वॉरंटीत घेतलेली जुनी डिस्क परत मिळण्याबद्दल व झालेल्या खर्चाबद्दल.

महोदय,

यंत्र बिघडलं म्हणून हे पत्र लिहीत नाही. यंत्र म्हटलं की बिघडायचंच. बिघडल्यानंतर तुमच्या माणसांनी जे सांगितलं आणि जे नेलं, त्याची ही तक्रार आहे. डेटा डिस्कवर शाबूत असताना तुमच्या कस्टमर केअरने तो पुसायचा रस्ता मला दाखवला. मी त्या रस्त्याने गेलो नाही, म्हणून तो आज माझ्याजवळ आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यात फोटो स्टुडिओ चालवतो. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग हे बारमाही काम. पण दिवाळी झाली, मंडया (गावजत्रा) भरू लागल्या, की होळीपर्यंत आमचा खरा हंगाम असतो तो नाटकांचा. तुमच्या ऑफिसात कदाचित ठाऊक नसेल : चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत गावोगावी तिकीट लावून नाटकं होतात, वडशाच्या नाटक कंपन्या येतात आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. मंडळं आमच्याकडून शूटिंग करून घेतात. दोन कॅमेरे, ५० एमबीपीएसवर (सेकंदाला ५० मेगाबिट). एका कॅमेऱ्याचे तासाला बावीस जीबीच्या वर होतात; सहा तासांचं नाटक दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून २७० जीबी खातं. याशिवाय दंडार, खडी गंमत या इकडच्या लोककला आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. एवढं सगळं पेनड्राइव्हात मावत नाही, म्हणून तुमचा डबा घेतला. चार टीबीच्या चार डिस्क, रेड-५ मध्ये लावलेल्या, म्हणजे मजकुरासोबत ‘पॅरिटी’ नावाचा हिशोबही चौघींवर वाटून लिहिला जातो आणि एक डिस्क गेली तर बाकीच्या तिघींवरून तिचा मजकूर निघतो. वापरायला बारा टीबी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की एक डिस्क गेली तरी डेटा सुरक्षित.

“बॅकअप नव्हता का?” हे तुमचा प्रतिनिधी पहिल्या वाक्यात विचारतो, तेव्हा तेही सांगून टाकतो. गिऱ्हाइकाला दिलेलं प्रत्येक तयार काम वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर आहे. डब्यात होतं ते कच्चं शूटिंग. कच्च्या शूटिंगच्या दोन-दोन प्रती ठेवणं तालुक्याच्या स्टुडिओला परवडत नाही, आणि तेवढ्यासाठीच तर एक डिस्क गेली तरी चालेल असा डबा घेतला होता.

आता काय घडलं ते. ऐन रोवणीच्या दिवसांत, विजा कडकडत असताना, लाईन जात-येत होती. डबा यूपीएसवर होता. सकाळी स्टुडिओ उघडला तर तो ‘बीप-बीप’ ओरडत होता आणि तिसऱ्या कप्प्यापुढचा दिवा केशरी झाला होता. डिस्क ३ गेली, अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’, म्हणजे एका डिस्कविना लंगडत चाललेला. तुमच्या केअरला फोन केला. त्यांनी सांगितलं, डिस्क ३ काढून सर्व्हिस सेंटरला द्या, वॉरंटीत बदलून मिळेल, नवी घाला आणि ‘रिपेअर’ दाबा. नागभीड, भिवापूर, उमरेड करत एसटीने नागपूर गाठलं, जुनी दिली, नवी आणली, रिपेअर दाबलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. निदान तेव्हा नव्हती.

रिपेअर अर्ध्यावर असताना डिस्क १ वाचता येईना. डब्याने तीही बाहेर टाकली आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं : व्हॉल्यूम क्रॅश.

डिस्क १ अचानक गेली नव्हती. नंतर तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढून पाहिला. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचायला त्रास देणाऱ्या जागा, तो आकडा शून्यावर नव्हता. पण त्या नोंदीला डिस्क बनवणारेच अशी मर्यादा ठेवतात की ती सहसा ओलांडली जात नाही, त्यामुळे एकंदर निकाल ‘पास’ येतो. तुमचा डबा तो निकाल उचलतो आणि हिरवा दिवा दाखवतो. महिन्यातून एकदा सगळा अ‍ॅरे वाचून पाहणारं ‘स्क्रबिंग’ तुमच्या डब्यात आहे, पण तुम्ही ते बंद ठेवून पाठवता. ते चालू असतं तर डिस्क ३ धडधाकट असतानाच डिस्क १ वरच्या खराब जागा सापडल्या असत्या आणि पॅरिटीवरून तिथल्या तिथे भरून निघाल्या असत्या. रेड-५ चा उपयोग तोच ना?

आणि हिशोब तर तुमच्या इंजिनिअरांना पाठ असेल. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की न वाचता येणारी चूक १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एकापेक्षा जास्त होणार नाही. ते होतात साडेबारा टीबी. चार टीबीची एक डिस्क नव्याने भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या चालतात हे मान्य. पण ‘रिपेअर दाबा’ म्हणताना “आधी बाकीच्या डिस्कची तब्येत बघा, आणि जुनी डिस्क लगेच देऊ नका” एवढं म्हणायला काय हरकत होती?

क्रॅशनंतर पुन्हा केअरला फोन लावला. “सर, आप इनिशियलाइज कर दीजिए, बॉक्स एकदम फ्रेश हो जाएगा.” मी विचारलं, मग आतलं? “डेटा वॉरंटी में कवर नहीं है, सर.” मी म्हटलं, वॉरंटीचं नाही विचारत, डेटा राहील की जाईल ते सांगा. त्यावर पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी दुसरा माणूस, तोच कागद वाचत असल्यासारखा. तुमच्या पडद्यावरही त्या क्षणी एकच बटण ठळक असतं आणि ते हेच. घरात साप निघाला म्हणून घराला काडी लावा, असा हा सल्ला.

इनिशियलाइज केल्यावर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्या केअरच्या माणसांना सांगायला हवं. चारही डिस्कवर नवी पार्टिशनं पडतात, नव्या ओळखीचा नवा अ‍ॅरे बनतो, त्यावर नवी फाइल सिस्टीम बसते आणि मग मागच्या मागे नवी पॅरिटी लिहिणं सुरू होतं. जितका वेळ डबा चालू राहील तितकं जुनं पुसत जातं. त्यानंतर बिघडलेल्या डिस्कवरून डेटा काढून देणारी लॅबही फारसं काही करू शकत नाही.

लॅबचंही तुमच्याच माणसाने सुचवलं होतं. त्यांनी जो आकडा सांगितला त्यात माझी एक लग्नसराई गेली असती.

आमच्या गावचा एक पोरगा नागपुरात सर्व्हरच्या कामावर आहे. त्याने फोनवरच सांगितलं, “भाऊ, पयले ते मशीन बंद करा. अन् कोनतंच बटन दाबू नोका.” तुमच्या अख्ख्या केअरकडून मला जे मिळालं नाही ते या दोन वाक्यांत मिळालं. तो सुट्टीत आला तेव्हा आधी मार्करने प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा नंबर घातला आणि मगच डिस्क बाहेर काढल्या. माझ्या एडिटिंगच्या पीसीला जोडल्या, पेनड्राइव्हवरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली. डिस्क १ वर काहीच करून न बघता तिची डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कवर नक्कल काढायला घेतली. हे सॉफ्टवेअर आधी सोप्या जागा उचलतं, अडलं की पुढे जातं, कुठे अडलं ते एका मॅप फाइलीत लिहून ठेवतं आणि शेवटी त्याच जागांवर परत येऊन घासत बसतं. लाईन गेली, पीसी बंद पडला, तरी मॅप फाइल असली की तिथूनच पुढे. आमच्याकडे हे फार कामाचं. डिस्क तापू नये म्हणून तिच्यावर टेबल फॅन लावला होता; फॅनच्या आवाजातही तिची टिकटिक ऐकू यायची आणि प्रत्येक टिकटिकीला पडद्यावरचा वेग शून्यावर येऊन पुन्हा चढायचा. शेवटी न वाचता आलेलं उरलं ते काही शे केबी. चार टीबीतले काही शे केबी, महोदय! आणि एवढ्यासाठी तुम्ही बारा टीबी पुसायला सांगत होता.

मग त्याने एमडीएडीएम या लिनक्समधल्या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कच्या माथ्यावरची नोंद वाचली. त्यात अ‍ॅरेची ओळख असते, डिस्क कितव्या जागेवरची ते असतं, आणि ‘इव्हेंट’ नावाचा आकडा असतो, तो बदल होईल तसा वाढत जातो. २ आणि ४ चा आकडा सारखा, १ चा किंचित मागे, कारण डब्याने तिला शेवटी बाहेर काढलं होतं. नवी ३ अर्धवट भरलेली, तिचा उपयोग नव्हता. म्हणून १ ची नक्कल, २ आणि ४ एवढ्या तिघींवर अ‍ॅरे जोर लावून उभा केला. त्यातही जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलीत जाईल अशी सोय केली, मूळ डिस्कना हात नाही. आतला एलव्हीएम (जागेची वाटणी करणारा थर) उघडला, त्यावरची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती जोडली आणि फोल्डर दिसले. वर्षवार, गाववार, मी ठेवले होते तसे.

यातलं एकही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली, ती ऐकून माझं डोकं जास्त फिरलं : तुमच्या डब्यात आत लिनक्सच आहे आणि अ‍ॅरे सांभाळायला हाच एमडीएडीएम आहे. म्हणजे वाचवायची हत्यारं तुम्हीच मला विकलेल्या डब्यात होती. केअरवाल्याच्या कागदावर तेवढी नव्हती.

काही शे केबी गेले ते कुठे गेले तेही सांगतो. एका नाटकात, खलनायक पहिल्यांदा रंगमंचावर येतो तिथे काही सेकंद हिरवे चौकोन. ते दुसऱ्या कॅमेऱ्यावरून भरता येईल. पण एका दंडारीच्या फाइलीत मध्येच आवाज तुटतो, आणि ती एकाच कॅमेऱ्यावर होती. तिच्यातले म्हातारे गायक आता नाहीत.

ही भोकं बुजवता येतात. डिस्क ३ गेल्यानंतर त्या जुन्या फाइलींना कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे त्या जागांपुरता जुन्या डिस्क ३ वरचा मजकूर अजूनही खरा आहे. २, ३ आणि ४ यांच्यावरून १ चा हरवलेला तुकडा पॅरिटीच्या साध्या गणिताने निघतो. जुनी ३ पूर्ण मेलेली नव्हती, ती डब्याला नको होती इतकंच. पण ती तुमच्याकडे आहे. वॉरंटीत नवी हवी तर जुनी जमा करा, ही तुमची अट. मोठ्या कंपन्यांना खराब डिस्क स्वतःजवळ ठेवण्याची सवलत तुमच्या धंद्यात पैसे घेऊन दिली जाते. आमच्यासारख्याला तसं काही असतं हे कोणी सांगतही नाही. आणि त्या डिस्कवर नुसती नाटकं नाहीत, लोकांच्या घरच्या हळदी-लग्नांचं शूटिंग आहे. लोकांनी ते माझ्या भरवशावर करू दिलं, तुमच्या गोदामाच्या नव्हे.

वॉरंटीच्या पुस्तिकेत डेटाची जबाबदारी घेत नाही असं लिहिलंय, ते मी वाचलं आहे. डेटाची किंमत मी मागतही नाही. पण जबाबदारी घ्यायची नाही तर तो पुसायचा सल्लाही द्यायचा नाही. त्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. तुमच्या माणसाने फोनवर मला “तुम्ही कमर्शियल आहात, ग्राहक नाही” असंही ऐकवलं. त्याच कायद्याच्या कलम २(७) चं स्पष्टीकरण त्याला वाचायला द्या : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. माझ्या स्टुडिओत मी आहे आणि हंगामात एक हाताखाली. याच कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा मला तुमच्या शहरात यायची गरज नाही, चंद्रपूरचा जिल्हा ग्राहक आयोग पुरे.

तिथवर जायची मला हौस नाही. सगळ्यात आधी ती जुनी डिस्क ३, न पुसता, न फॉरमॅट करता, तिच्याच अनुक्रमांकाची, परत पाठवा. ती अजून गोदामात असेल तर आजच बाजूला काढून ठेवायला सांगा. बाकीच्या गोष्टींना उशीर चालेल, हिला नाही. ती नष्ट केली असेल तर कधी आणि कशी, हे लेखी कळवा. डिस्क १ वॉरंटीत आहे, ती बदलून द्या, पण जुनी ३ येऊन काम होईपर्यंत मी ती जमा करणार नाही. नकलेसाठी आणि डेटा उतरवण्यासाठी घेतलेल्या डिस्कची बिलं आणि त्या पोराच्या मेहनतान्याची पावती जोडली आहे, ती रक्कम द्या. मेहनताना त्याने मागितला नव्हता, मी जबरदस्तीने दिला आहे, आणि तो तुमच्याकडून वसूल करायचा माझा इरादा आहे.

केअरच्या कागदावर काय असावं हे सांगायला मी तुमचा नोकर नाही, तरी सांगतो. व्हॉल्यूम क्रॅश म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी डबा बंद करायला सांगा, डिस्कवर नंबर घालायला सांगा आणि नक्कल निघेपर्यंत काही लिहू नका म्हणा. स्क्रबिंग चालू करूनच माल पाठवा. आणि ते लाल अक्षरांतलं मराठीतही येऊ द्या; इथे डबा हाताळणारा पोरगा बारावी शिकलेला असतो, घाबरला की ठळक दिसेल ते बटण दाबतो.

उत्तर लेखी हवं, फोनवर नको. महिन्याभरात आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढचा अर्ज चंद्रपूरला देईन.

सोबत : खरेदीची पावती, डिस्क ३ जमा केल्याची सर्व्हिस सेंटरची पोच (अनुक्रमांकासह), तुमच्या केअरचे तिकीट क्रमांक, डिस्क १ चा स्मार्ट अहवाल आणि मॅप फाइल, नव्या डिस्कची बिलं, मेहनतान्याची पावती.

आपला,
एक स्टुडिओचालक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर.