फॅन्टसी फुटबॉलमधले संघप्रेम

महोदय,

इंग्लिश प्रीमियर लीगच्या मोफत फॅन्टसी खेळात आपल्याकडची मुलेही हिरिरीने उतरतात. लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडायचा आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. दहा कोटी पौंडांच्या काल्पनिक रकमेत १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. लाडक्या क्लबचे तिघे डोळे मिटून घेतले जातात, अनेकदा बचावफळीतलेच. तिथेच घात होतो. साठ मिनिटे खेळलेल्या बचावपटूला संघाने गोल न खाल्ल्यास ४ गुण मिळतात. तिघे एकाच संघाचे असले, तर एका गोलने १२ गुण बुडतात.

आपण नेमलेल्या कर्णधाराचे गुण दुप्पट होतात, म्हणून तिथले प्रेम आणखी महाग. पण माझ्या मते खरे नुकसान प्रतिस्पर्धी क्लबचा गोल करणारा खेळाडू हट्टाने नाकारण्यात आहे. तो बहुतेकांच्या संघात असतो. त्याने गोल केला की आपण सगळ्यांच्या मागे. मग घाईघाईत संघातले खेळाडू बदलणे, आणि मोफत बदल संपले असतील तर प्रत्येकी ४ गुणांची वजावट!

निवडीआधी क्लबचे नाव झाका. खेळाडूची किंमत, गेल्या पाच सामन्यांतली मिनिटे आणि पुढचे पाच प्रतिस्पर्धी एवढेच कागदावर मांडा. पेनल्टी कोण घेतो, तेही लिहा. आवडत्या क्लबचा खेळाडू या यादीत टिकला, तर तो खुशाल घ्यावा.

– एक वाचक, ठाणे