पाळणाघरातल्या हवेचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या दैनिकात सांगलीतील पाळणाघरांवर अर्ध्या पानाचा लेख वाचला. सीसीटीव्ही, वातानुकूलित खोल्या, कार्यालयात बसून मोबाइलवर मूल पाहण्याची सोय, या सर्वांचे त्यात भरभरून कौतुक आहे. परंतु ज्या खोलीत मूल दिवसाचे आठ-नऊ तास श्वास घेते, तेथील हवेबद्दल एक ओळही नाही. याचे वाईट वाटले आणि रागही आला, म्हणून हे पत्र.

माझी अडीच वर्षांची नात गेल्या पावसाळ्यापर्यंत एका पाळणाघरात जात असे. तिचा खोकला रविवारी उतरायचा आणि सोमवारी रात्री पुन्हा उसळायचा. एका दुपारी मी तिला वेळेआधी आणायला गेले, तेव्हा झोपायच्या खोलीच्या खिडक्या बंद, त्यांवर जाड पडदे, आणि मुलांच्या गाद्यांपासून हातभर अंतरावर स्टीलच्या ताटलीत डासांची कॉइल जळत होती. दार उघडताच माझे डोळे चुरचुरले. गाद्या ज्या भिंतीला लावून टाकल्या होत्या, ती २०१९ च्या महापुरात कित्येक दिवस पाण्यात होती. वरून रंग दिलेला असला तरी खाली पोपडे सुटून बुरशीचे काळे ठिपके उमटले होते, आणि जागे असलेले एक मूल ते पोपडे नखाने उकरत होते. ‘‘आजी, डेंग्यू झाला तर पालक आम्हालाच धरतील,’’ असे तेथील ताई म्हणाल्या. डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही. पण त्यावर खिडकीला जाळी आणि गादीवर मच्छरदाणी लावता येते, त्यासाठी मुलांना धुरात निजवण्याची गरज नाही. चीन आणि मलेशियातील कॉइलवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात असे आढळले होते. खोलीत बसून कोणी एक सिगारेट ओढली असती, तर आपण त्या पाळणाघरावर मोर्चा नेला असता. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. नातीला तपासताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न घरातील ओल आणि धूर यांविषयीच विचारला होता.

आता आपल्या लेखातील वातानुकूलित खोल्यांविषयी. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो; तो खोलीत १००० च्या वर गेला की हवा पुरेशी खेळत नाही असे साधारणपणे मानले जाते. बंद खोलीत पंधरा-वीस मुले निजवली तर ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही, आणि एकाची सर्दी सगळ्यांना होते ती वेगळीच. मग अशा खोलीला ‘आधुनिक’ म्हणून शाबासकी कशी द्यायची?

खिडक्या उघडा म्हटले की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचा धूर आत येतो, ही तक्रारही खरी आहे. पालापाचोळा आणि प्लॅस्टिक गोळा करून सकाळी काडी लावून दिली जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली आणि त्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला. आमच्या भागात तो कोणाला झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आपल्या वार्ताहरांना विनंती की, पुढील लेखाआधी त्यांनी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पूर्वसूचना न देता, झोपायच्या खोलीत जावे. खिडक्या उघडतात का, भिंतीला ओल आहे का, मुलांजवळ काय जळते आहे, हे पाहावे आणि जसे दिसेल तसे छापावे. जेथे हवा चांगली आढळेल त्या पाळणाघरांची नावे अवश्य द्यावीत, नोकरी करणाऱ्या आयांना त्यांचा उपयोग होईल.

आपली,
एक आजी, विश्रामबाग, सांगली